काकणीचा फोकस

देवबाग, ९ नोव्हेंबर

चि. सुशांत,

पोस्टाचं पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळं ठीक आहे. कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही. तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस एवढं त्या निळ्या खुणांवरून कळतं, पुढे सगळं सामसूम. मग म्हटलं, अंगणवाडीत इतकी वर्षं अहवाल लिहिले, एक पत्र लिहायला काय जातं? तुझ्या वर्कशॉपचा पत्ता तुझ्या दोस्ताने, मंगेशने दिला. दिला म्हणजे, कोंबडीवडे वाढून मी तो काढून घेतला. त्याला बोल लावू नकोस, खाण्यापुढे त्याचं कधीच काही चाललेलं नाही.

काम असं आहे. तुझी दुर्बीण आम्ही माळ्यावरून खाली काढली आहे. तारे बघायला नाही, काकण बघायला. खाडीकडच्या मोठ्या सुरूच्या झाडावर काकणीने यंदाही घर केलंय, आपल्या मागच्या अंगणातून सरळ दिसतं. गेल्या मोसमात साताऱ्याचे एक मास्तर आपल्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले होते, पक्ष्यांचे फोटो काढणारे. ते तिला समुद्री गरुड म्हणतात, आपल्या लेखी ती काकणच. त्यांनी तुझी दुर्बीण बघितली आणि म्हणाले, "अहो, ही तर आयती मोठी लेन्स आहे. डोळा लावायची काच काढा, तिथे कॅमेरा बसवा, की झालं!" जाताना स्वतःचा जुना कॅमेरा इथेच ठेवून गेले, पुढच्या वेळी नेईन म्हणून. त्यातून एक वायर टीव्हीला लावली की दुर्बिणीतलं सगळं टीव्हीवर मोठं दिसतं.

मास्तर "की झालं" म्हणून गेले आणि आमचं घोडं तिथेच अडलं. कॅमेऱ्याचं तोंड मोठं, दुर्बिणीचं बूड बारीक. आबांनी पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापला, आत सायकलच्या ट्यूबचं रबर भरलं, वरून एमसील लिंपलं. कॅमेरा त्यात बसतो, पण बसतो म्हणजे लोंबकळतो. आणि चित्र सगळं पिठासारखं पांढरं. चाक कितीही फिरवा, काकण काही दिसत नाही. त्या दुर्बिणीला नुसता डोळा लावला तर दिसते, पण खाली डोकं वर पाय. आबा म्हणाले, "ही काकण आसा की वटवाघूळ?" मग डोळा काढला तो परत लावलाच नाही. मान दुखते म्हणतात. टीव्हीवरच बघायचं म्हणतात.

तू जाताना उंबरठ्यावर जे बोललास ते मी विसरलेली नाही. आबांनी स्वतः बोलावलं तरच या घरात पाय ठेवीन. मी एकदा त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "मी खंय तेका जा म्हटलंय? गेलो तो आपल्या पायांनी. मगे बोलावू कित्याक?" म्हणजे तू बोलावल्याशिवाय येणार नाहीस आणि ते घालवलं नाही म्हणून बोलावणार नाहीत. तुम्हा बापलेकांच्या मध्ये मी बसलेय. मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे, लिहायला नको.

तेवढं कॅमेऱ्याचं काय करायचं ते कळव. तुला या दुर्बिणीचा स्क्रू न् स्क्रू माहीत आहे. आबांना मी विचारलं, सुशांतला लिहू का? ते जाळं विणत बसले होते. म्हणाले, "लिही हवा तर." नको म्हणाले नाहीत, एवढं ध्यानात घे.

आई


देवबाग, २ डिसेंबर

सुशांता,

कॅमेरा बसवायला तू केलेली कडी आली. पत्र काही नव्हतं, पण चिठ्ठी होती. "आधी चंद्रावर लावून बघा." ना तीर्थरूप, ना सप्रेम, ना खाली नाव. तरी ते शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. कोल्हापुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला बरा शिकलास.

आबांनी कडी हातात घेतली आणि अंगठा कडेवरून फिरवत बसले. बोटं घसरू नयेत म्हणून तू ज्या बारीक खाचा पाडल्यास ना, त्यांच्यावरून. मला विचारतात, "कोणी धाडल्यान?" जसं काही माहीतच नाही. मी म्हटलं, कुरिअरवाल्याने. थोड्या वेळाने आपणच म्हणाले, "विकतची न्हय. लेथवर केलेली आसा. शेवटचो हात हलको दिल्यान." मग कडी माझ्या हातात न देता स्वतःच्या खिशात घातली. संध्याकाळी मला ती मागून घ्यावी लागली.

चंद्र दुपारीच वर आला होता, त्यामुळे रात्रीची वाट बघावी लागली नाही. कॅमेरा कडीत टक् करून बसला. दुर्बीण वर फिरवली, चाक फिरवत गेले आणि चंद्राचे खड्डे टीव्हीवर असे आले की मी ओरडले. अरे, वाटीच्या काठासारखे काठ दिसतात! आणि सरळ दिसतात. माणूस बघतो तेव्हा उलटं आणि कॅमेरा बघतो तेव्हा सरळ, हे काय गौडबंगाल आहे ते तू सांग. आबा म्हणाले, "बरो आसा." मी म्हटलं, खड्डे दिसतात ना? म्हणाले, "मगे काय."

चंद्र झाला, आता काकण. तिच्यावर लावलं तर चाक शेवटाला जाऊन अडकतं आणि चित्र म्हणतं अजून मागे, अजून मागे. घरट्यावर कसंबसं लागतं. पण पुढच्या वाळूवर होडीच्या खुंटावर ती येऊन बसते ना, तिथे लागतच नाही. आबा म्हणतात मध्ये एक नळी घालून कॅमेरा मागे न्यायला हवा. दुसरी अडचण वजनाची. कॅमेरा लावला की दुर्बीण मागे बसते आणि नाक आभाळात. आबा तिच्या नाकावर वाळूची पिशवी बांधतात. आलेले पाहुणे हसतात.

अजून एक. आबा दिवाळीपासून होडीवर गेलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. होडी वाळूवर पालथी घातली आहे, मंगेशला सांगून. तुला वाटेल, आता कशाला हे? वाटू दे. मला सांगावंसं वाटलं.

बंदी असताना दिवे लावून मासे ओढणाऱ्या तुझ्या त्या ट्रॉलरचं मी बोलणार नव्हते, पण या घरात ते न बोलता सुद्धा रोज बोललं जातं. आबांनी गस्तीच्या लोकांना नंबर सांगितला, त्या बोटीवर तू आहेस हे ठाऊक असताना सांगितला. तू म्हणालास, बापाने पोराला पकडून दिलं. ते म्हणाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांची पोरं उपाशी निजतात तेव्हा माझं पोरगं कुठल्या बोटीवर आहे हे बघत बसू? मला दोघांचंही पटतं, हाच माझा घोळ आहे. आणि एक सांगते, तूच लहानपणी या दुर्बिणीला डोळा लावून कुरकुरायचास, की हॉटेलवाल्यांच्या दिव्यांनी तारे दिसत नाहीत. मग तूच समुद्रात दिवे पेटवायला गेलास. हे आबांना तुझ्यापेक्षा जास्त लागलं असेल.

त्या रात्री केलेलं बांगड्याचं तिखलं तू न खाता गेलास. तेव्हापासून ते मी केलेलं नाही.

आई


देवबाग, २८ डिसेंबर

चि. सुशांत,

नळी आली, काळा पुठ्ठा आला, सरकती पट्टी आली आणि नळी घट्ट धरणारा, अंगठ्याने फिरवायचा स्क्रूही आला. "हा आवळला की परत बिघडणार नाही," असं लिहिलंयस. आता पत्रं जरा लांबायला लागली तुझी! दोन चिठ्ठ्या मिळून पोस्टकार्डही भरत नाही, पण मला पुरतं.

पट्टीवर दुर्बीण पुढे सरकवली आणि वजन जुळलं. वाळूची पिशवी सुटली. नळी मध्ये घातली आणि खुंटावरची काकण फोकसात आली. पुठ्ठ्याला भोक पाडून दुर्बिणीच्या तोंडावर कशाला लावायचा, हे मला आधी कळेना. लावला आणि कळलं. तिच्या पांढऱ्या पोटाला कडेने जांभळी किनार यायची, ती जवळजवळ गेली. बोटाने बटण दाबलं की सगळं थरथरतं, म्हणून मी टायमर लावते, हात मागे घेते आणि श्वास धरून बसते. आबांचं काम चाक फिरवायचं, माझं बटण दाबायचं. मला या वयात हे वेड लागेल असं वाटलं नव्हतं. भात करपतो, पाहुणे चहा मागत उभे राहतात आणि मी मागच्या अंगणात. घरट्यात पिल्लू आहे, एकच आहे. कापसाचा गोळा आणि त्याला चोच. काकण त्याला समुद्रसाप भरवत होती, मला शिसारी आली आणि तरी मी बघतच राहिले.

आता तक्रार. आबा म्हणतात, फोकस लागत नाही.

ते टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल घेऊन बसतात, चाक फिरवून घेतात, पुन्हा फिरवून घेतात, मान तिरकी करतात, कोंबडी दाणा बघते तशी. मग म्हणतात, "अंधुक. मधी काय तरी रवता." मग तुझा स्क्रू सोडतात, नळी पुसतात, परत बसवतात. परत अंधुक. "लिही तेका," म्हणतात, "नळीत खोट आसा."

बाकी सगळं तसंच. परवा मंगेश फाटकातून आत आला, रोजचा मंगेश, तर आबा म्हणाले, "कोण तो?" मंगेश म्हणाला, "मी, आबा." "उजेड पाठीवर होतो म्हणान," असं आबा म्हणाले. उजेड पाठीवर नव्हता. काल त्यांनी चहा बशीत ओतला तो बशीबाहेर. मी पुसला आणि म्हटलं, बशीच वाकडी आहे.

नळी पुन्हा तपासून बघ. कुठे राहिलं असेल तर.

आई


देवबाग, १९ जानेवारी

सुशांता,

तू लिहिलंस, "अंधुक फोटो पाठवा, बघितल्याशिवाय कळणार नाही." कारागिराने असंच विचारलं पाहिजे. कॅमेऱ्याचं कार्ड या पाकिटात घातलं आहे. सगळे फोटो आहेत, एकही पुसलेला नाही. बघ.

बघितलेस ना? एकही अंधुक नाही. मला पत्रातून खोटं लिहिता आलं, कार्डाला ते येत नाही. पिल्लाच्या मानेवरची पिसं मोजता येतील. काकणीच्या डोळ्यात आपली सुरूची झाडं दिसतात. नळीत खोट नाही रे. तुझ्या हातात कधीच खोट नव्हती.

मला पहिल्या पत्राच्या वेळी खरंच माहीत नव्हतं. म्हातारपणी नजर कमी होते, मला वाटलं तसं काही असेल. मग हळूहळू कळत गेलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांना दिसत नाही, पण घड्याळाखालून गेलेली पाल दिसते. ताटातला मासा मधोमध असला तर चाचपडतात, कडेला असला तर बरोबर उचलतात. मी कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, नाव न सांगता. त्या म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, कडा राहतात. पूर्ण अंधार होत नाही. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच जातं. आणून दाखवा म्हणाल्या. काही जणांना इंजेक्शनाने थांबतं, काही जणांना कशानेच नाही.

मी आबांना म्हटलं, चला, डोळे दाखवून येऊ. अंगावर आले. "डोळे माझे बरे आसत. खोट तुझ्या झिलाच्या नळकांड्यात आसा." त्यांना खरंच तसं वाटतं, सुशांत. त्यांना वाटतं चित्रच अंधुक आहे. आणि मी, टीव्हीवर सुईच्या टोकाएवढं पीस दिसत असताना म्हणते, "होय हो, माका पण अंधुकच दिसता." त्यांच्या तोंडावर सांगायची छाती नाही मला. तू असतास तर तू सांगितलं असतंस. तू त्यांना काहीही सांगायचास.

माणसाचा चेहरा मधोमधच असतो. माझा चेहरा त्यांना अजून थोडा दिसतो असं वाटतं, की सवयीने दिसतो, कोण जाणे. तुझा बघायचा असेल तर आता बघायला हवा. पिल्लू मार्चमध्ये उडेल असं मास्तर फोनवर म्हणाले. मी मनात तेवढीच मुदत धरली आहे. का धरली, मला माहीत नाही.

ये. सावंतवाडीमार्गे ये, नाहीतर गगनबावड्यावरून ये, कसाही ये. मी बोलावते आहे. आईच्या बोलावण्याला काही किंमत असेल तर.

आई


देवबाग, ११ फेब्रुवारी

सुशांत,

"आबांनी बोलावलंय का?"

एवढी मोठी गोष्ट मी तुला लिहिली आणि तू हे विचारलंस. कार्ड परत पाठवलंस, पुसून, कापडात गुंडाळून, आणि ही एक ओळ. मी ती चिठ्ठी चुलीत घातली. मग वाईट वाटलं, पण जळून गेली होती.

मोडेन पण वाकणार नाही, हे तुमच्या घराण्याचं ब्रीद आहे, मी लग्न करून आले तेव्हापासून ऐकते. तुझे आजोबा तसेच होते. त्यांनी सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलणं टाकलं आणि शेवटी त्यांची तिरडी भावाने खांद्यावर घेतली तेवढीच भेट. तुला मी तसं वाढवलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

रागात लिहायला बसले आहे, पण सांगायचं दुसरंच आहे. 

काल सकाळी आबा वाळूवर गेले. खिशात पेडवे मासे घेऊन. आठवतंय ना, होडी किनाऱ्याला लागायच्या आधी ते हात उंच करून एक मासा पाण्यात टाकायचे, "हो तिचो वाटो" म्हणून, आणि काकण झेप घेऊन तो उचलायची? तू लहान असताना टाळ्या पिटायचास. होडी पालथी पडली तरी त्यांनी तो वाटा बंद केलेला नाही, आता किनाऱ्यावरून टाकतात. मी मागे मागे गेले होते, ओल्या खडकावर पाय घसरेल या भीतीने. त्यांनी हात उंच केला, मासा टाकला आणि मला विचारलं, "घेतल्यान?"

काकण आली नव्हती. मासा लाटेबरोबर हलत होता. मी म्हटलं, "होय, घेतल्यान."

ते तसेच समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "खोटां सांगतंस. ती घेता तेवा पाखांचो आवाज येता. आज खंय इलो?"

ते पुढे म्हणाले, "टीव्हीवरपण असाच करतंस. फोटो लागलो की आधी 'अगो बाय' म्हणतंस, मगे 'अंधुकच आसा' म्हणतंस. डोळे गेले माझे, कान जाग्यार आसत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधीच ते मंगेशला घेऊन कुडाळला जाऊन आले होते, डोळे दाखवायला. मला गुडघ्यांचं सांगून. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं, याला इंजेक्शनही लागू पडायचं नाही हे सुद्धा. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, सुशांत. मी त्यांच्यापासून लपवते आहे असं मला वाटत होतं आणि ते माझ्यापासून लपवत होते. आम्ही दोघं रोज टीव्हीसमोर बसून एकमेकांना फसवत होतो. मला एकदम हसूच आलं आणि मग रडू आलं, तिथेच वाळूवर बसले.

मी विचारलं, "मगे माका सांगलात कित्याक नाय?"

"सांगलंय असतंय तर तू तेका लिवलं असतंस. बापूस आंधळो झालो, ये. दयेन इलेलो झील माका नको."

मी त्यांना सांगितलं नाही की मी ते आधीच लिहिलंय. आणि दयेनेही तू आला नाहीस, हे तर मुळीच सांगितलं नाही.

मला तुझा राग आला आहे. हे पत्र वाचून तुला वाईट वाटावं अशी माझी इच्छा आहे. जेवण वेळेवर करत जा.

आई


देवबाग, १४ मार्च

सुशांता,

सकाळी लिहायला घेतलेलं पत्र वेगळं होतं. ते फाडलं नाही, त्याचंच पुढचं हे लिहिते, म्हणजे तुला सगळं ओळीने कळेल.

पिल्लू उडालं. पंधरा दिवस घरट्याच्या काठावर उभं राहून नुसते पंख झाडत होतं. आबांचं स्टूल टीव्हीसमोर आणि मी अंगणात दुर्बिणीशी, चाकही आता मीच फिरवते. मी आतल्या आत सांगत होते, अजून नको, अजून थांब. कोणासाठी सांगत होते ते तुला माहीत आहे. खालून समुद्राचा वारा आला, पिल्लाने पंख उघडले आणि नुसतं पाऊल उचललं. मी बटण दाबलं. तेवढा एकच फोटो मिळाला. पंख पूर्ण उघडे, पाय अजून काटक्यांना लागलेले. आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो.

आत गेले तर टीव्हीवर तो फोटो आणि आबा त्याच्यासमोर. मान तिरकी नव्हती. सरळ बघत होते. म्हणजे काहीच बघत नव्हते. मी या खेपेला "अगो बाय" म्हटलं नाही, पण खोटंही बोलले नाही. जवळ बसले आणि त्यांना सांगितलं, पंख कसे आहेत, चोच कुठे आहे, आभाळ कुठलं, पाय कसे. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "उडाला मां?" मी म्हटलं, "उडाला." म्हणाले, "बरां झाला."

जरा वेळाने म्हणाले, "सुशांताक लिही. म्हण, फोकस लागलो. नळी बरी आसा, कडी बरी आसा, तेच्या कामात खोट नाय. आता काय धाडू नको."

मी विचारलं, एवढंच?

"एवढाच."

मी कागद घेऊन बसले आणि तेवढंच लिहिलं. आबा म्हणतात, फोकस लागला, तुझ्या कामात खोट नाही, आता काही पाठवू नको. खाली नाव घातलं. मला वाटलं, संपलं. ते तुला सोडून देत होते आणि त्यांनी ते माझ्या हातून लिहून घेतलं होतं. यापुढे तू कडी पाठवणार नाहीस, ते नळी चाचपणार नाहीत, आणि तुझी आजोबांसारखी गत होईल. पाकिटाला डिंक लावायला उठले.

डिंक मागच्या पडवीत असतो. तिथून अंगण दिसतं.

आबा दुर्बिणीशी उभे होते. कॅमेरा एका हातात धरलेला, पडू नये म्हणून छातीशी. दुसऱ्या हाताने तू केलेला तो स्क्रू शोधत होते. कडीवरून बोट फिरवलं, खाचा लागल्या, तिथून सरकत स्क्रूपर्यंत आले. मग अंगठा आणि बोट लावून तो सोडायला लागले. सावकाश. एक आटा, दुसरा आटा. तू आवळून बसवायला सांगितलेला स्क्रू, रे! परत बिघडणार नाही म्हणून लिहिलेला. पूर्ण सुटला तेव्हा त्यांनी तो तळहातावर घेतला, मूठ मिटली आणि तसेच उभे राहिले. काकणीचं घरटं रिकामं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं, तरी तोंड तिकडेच होतं.

मी म्हटलं, "काय करतास?"

दचकले. पकडलं गेलेलं पोर उभं राहतं तसे उभे राहिले. मग म्हणाले, "काय नाय. स्क्रू ढिलो झालो हा."

मी पडवीतून खाली उतरले. ते म्हणाले, "धाडलंस काय ता पत्र?"

"अजून नाय."

"मगे तेच्यात लिही." मी जिथे उभी होते तिथे नाही, माझ्या जरा बाजूला बघून बोलत होते, तसं बघितलं की मी त्यांना थोडी दिसते. "लिही, स्क्रू ढिलो झालो. माझ्यान आवळणा होणा नाय. कोणाकडना करून घेवक नको, मंगेशाकडनापण नको. तेचो स्क्रू आसा. तेणाच येवन आवळूक होयो."

"येवन?" मी विचारलं. मला त्यांच्या तोंडून परत ऐकायचं होतं.

"येवन म्हटलंय नाय? कानपण गेले तुझे?"

सुशांत, याहून जास्त ते बोलणार नाहीत. "ये" हा शब्द त्यांना पोरासाठी कधी सरळ वापरता आला नाही, तू शाळेतून यायचास तेव्हाही "जेवण थंड होता" असंच म्हणायचे. तू विचारलं होतंस, आबांनी बोलावलंय का. हे घे तुझं बोलावणं. आटे सोडून सोडून त्यांनी ते लिहिलंय.

आता जे खरं आहे तेही लिहिते, म्हणजे दारात आल्यावर धक्का बसायला नको. तुला उशीर झाला. तू समोर उभा राहिलास तर त्यांना तुझे खांदे दिसतील, मागचा माड दिसेल, तुझा चेहरा दिसणार नाही. पुढे कधीच दिसणार नाही. दाढी ठेवलीयस की काढलीयस, वाळलायस की भरलायस, ते मला विचारतील आणि मी सांगेन. तू मात्र आल्या आल्या बोल. पायांचा आवाज त्यांना ओळखू येईल, पण तू आधी बोल. आणि हात पुढे कर, ते तुझी बोटं चाचपतील, कडी चाचपली तशी.

फोटो मास्तरांना पाठवला. त्यांनी उत्तर पाठवलं आहे की अप्रतिम आहे, फोकस सुईसारखा आहे. मी आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "नळी कोणाची मगे?"

कॅमेरा काढून कपाटात ठेवला आहे. दुर्बीण अंगणातच आहे, वर ताडपत्री घातली आहे. स्क्रू आबांच्या खिशात आहे, मी मागितलेला नाही. आज संध्याकाळी तिखलं करते. तू आज येणार नाहीस हे मला कळतं, तरी करते.

आई